उघड्या तोंडाचा डोंगर

चिलीच्या दक्षिणेला, व्हियारिका तळ्याच्या काठावर पुकोन नावाचं गाव आहे. तिथल्या नगरपालिकेपाशी एक सिग्नल उभा आहे, पण गाड्यांशी त्याचा काही संबंध नाही. पंधरा-सोळा किलोमीटरवरचा ज्वालामुखी सध्या कसा वागतो आहे, हे त्याचे हिरवे, पिवळे, लाल दिवे गावाला सांगतात. आणि याच गावाच्या मुख्य रस्त्यावर ओळीने अशी ऑफिसं आहेत, की जी तुम्हाला पहाटे गाडीत घालून, पायांत बर्फाचे बूट चढवून त्याच ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत नेतात आणि दिवस मावळायच्या आत परत आणून सोडतात.

जागृत ज्वालामुखी, त्यावर बर्फ, आणि एका दिवसात चढून उतरायचं. त्यासाठी मुरलेला गिर्यारोहक असण्याची गरज नाही, दम आणि धडधाकट गुडघे असले की पुरे. अशी सोय जगात फार थोड्या ठिकाणी आहे. ती मुळात कशामुळे शक्य होते आणि कुठे संपते, हे समजून घेतलं तर ज्वालामुखीबद्दलच्या आपल्या बऱ्याच कल्पना हलतात. लांबून पाहणारा लाव्हाला घाबरतो. व्हियारिकाच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना मात्र लाव्हापेक्षा बर्फाचं भय जास्त आहे, आणि त्यांचं बरोबर आहे.

डोंगराची उंची २८४७ मीटर. आकार जवळजवळ निर्दोष शंकूचा, खांद्यांपासून वर हिमनद्या, आणि शेंड्यावर बहुतेक दिवशी धुराची एक बारीक रेघ. मापुचे लोक त्याला रुका पिल्यान म्हणतात आणि पूर्वजांच्या आत्म्यांचा वास तिथे आहे असं मानतात. पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का भूपट्ट दरवर्षी सहा-सात सेंटिमीटर इतक्या वेगाने दक्षिण अमेरिकेच्या खाली जातो. खोल गेल्यावर त्याच्यातलं पाणी वरच्या तप्त खडकात शिरतं, त्या खडकाचा वितळणबिंदू खाली येतो आणि शिलारस तयार होतो. चिलीतल्या ज्वालामुखींची उत्तर-दक्षिण रांग यातूनच उभी राहिली. व्हियारिका, केत्रुपियान आणि अर्जेंटिनाच्या सीमेवरचा लानिन हे तिघे मात्र त्या रांगेला छेद देऊन आडवे, वायव्येकडून आग्नेयेकडे उभे आहेत. तिथे कवचात एक जुनी भेग आहे आणि शिलारसाने तीच वाट धरली आहे.

या डोंगराचं खरं वैशिष्ट्य मात्र त्याच्या नळीत आहे. बहुतेक ज्वालामुखींची नळी दोन उद्रेकांच्या मधल्या काळात थिजलेल्या खडकाने बुजून जाते. खाली वायू साठत राहतात, दाब वाढतो, आणि बूच उडतं तेव्हा अर्धा डोंगरही त्याच्याबरोबर जाऊ शकतो. व्हियारिकाची नळी १९८४-८५ च्या उद्रेकापासून बहुतेक काळ उघडीच राहिली आहे. विवराच्या तळाशी लाव्हाचं छोटं तळं असतं, कधी वर येतं, कधी दिसेनासं होण्याइतकं खाली जातं. इथिओपियातला एर्टा आले, काँगोमधला न्यीरागोंगो, अंटार्क्टिकावरचा एरेबस अशी टिकून राहणारी लाव्हाची तळी असलेली मोजकीच नावं जगात घेता येतात.

वर बर्फ, उघडी हवा, आणि तरी हे तळं गोठत कसं नाही? कारण नळीत सतत देवाणघेवाण चालू असते. खालून येणाऱ्या शिलारसात वायू भरलेला असतो, म्हणून तो हलका असतो आणि वर चढतो. पृष्ठभागाशी आल्यावर बुडबुडे फुटतात, वायू निघून जातो, उरलेला रस जड होतो आणि त्याच नळीतून पुन्हा खाली बुडतो. उष्णता वर येत राहते, रस मात्र बाहेर पडत नाही. म्हणूनच हा डोंगर रोज शेकडो टन सल्फर डायऑक्साइड हवेत सोडत असतानाही वर्षानुवर्षं लाव्हाचा एकही ओघळ बाहेर काढत नाही. इथला रस बेसाल्टच्या जातीचा, पातळ आहे आणि त्यातून वायू सहज सुटतो. तो दाट, चिकट असता तर चढाईचा विषयच निघाला नसता.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हा खडक अनोळखी नाही. आपला काळा कातळही बेसाल्टच आहे, साडेसहा कोटी वर्षांहून जुना. आपल्याकडे शंकूचे डोंगर झाले नाहीत, जमिनीच्या लांबलचक भेगांतून लाव्हा थरांवर थर पसरत गेली. पण कातळावर हात फिरवला की बोटांना जी बारीक छिद्रं लागतात, ती अशाच बुडबुड्यांची आहेत. रस थिजताना वायूला निसटायला वेळ मिळाला नाही, जागा तेवढी राहिली. पुढे त्यांतल्या कित्येक पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे स्फटिक आणि गारगोट्या भरल्या, आणि पुण्या-जळगावकडच्या खाणींतले ते स्फटिक आता जगभरच्या संग्रहालयांत आहेत. व्हियारिकाच्या विवराच्या काठावर ही छिद्रं घडतानाचा आवाज येतो. मला या चढाईचं सर्वांत मोठं मोल यातच वाटतं.

चढाईची सुरुवात आदल्या संध्याकाळी बुटांपासून होते. बूट टणक असतात, घोटा हलू देत नाहीत, आणि ते नीट बसले नाहीत तर दुसऱ्या दिवशी सगळं बिघडतं. बूट चढताना टाचेला घासता कामा नये आणि उतरताना अंगठ्याचं नख पुढे आपटता कामा नये, म्हणून ऑफिसातल्या पायरीवर वरखाली करून बघायला लावतात. बुटांखाली बांधायचे पोलादी दात म्हणजे क्रॅम्पॉन. त्यांच्या पट्ट्यांची बक्कलं पायाच्या बाहेरच्या बाजूला घ्यायची आणि सुटी टोकं आत खोचायची, कारण लोंबणारी पट्टी दुसऱ्या पायाच्या दातांत अडकली की माणूस तोंडावर पडतो. बर्फ बुटात शिरू नये म्हणून पोटऱ्यांवर गेटर, डोक्याला हेल्मेट, पाठीवरच्या पिशवीत वायूचा मास्क. आणि हातात आइस ॲक्स. तिच्या डोक्याला एकीकडे चोच, दुसरीकडे पसरट पातं, दांड्याच्या टोकाला अणी.

पहाटे गाडी कोइग्वे आणि लेंगाच्या जंगलातून वर चढते आणि सुमारे १४०० मीटर उंचीवरच्या स्कीच्या तळावर थांबते. वारा कमी असेल आणि यंत्र चालू असेल तर खुर्च्यांच्या रोपवेने पहिले काहीशे मीटर वाचतात. त्यानंतर पाय.

बर्फाच्या उतारावर नागमोडी चालतात. आइस ॲक्स नेहमी डोंगराच्या बाजूच्या हातात, अणी बर्फात रोवलेली. वळण आलं की थांबायचं, हात बदलायचा, मग दिशा बदलायची. गाइड पुढे असतो आणि त्याच्याच पावलात पाऊल टाकायचं असतं. त्याची चाल सुरुवातीला इतकी संथ वाटते की तरुण मुलं अस्वस्थ होतात. तासाभराने तीच मुलं त्या चालीला धरून राहायची धडपड करत असतात. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के असतो. या उंचीवर बहुतेकांना काही होत नाही, दम मात्र लवकर लागतो.

चढाच्या सुरुवातीलाच गाइड सगळ्यांना मुद्दाम पडायला लावतो. घसरलं तर काय करायचं, हे सांगून येत नाही, अंगाला शिकवावं लागतं. घसरायला लागताच पालथं व्हायचं, आइस ॲक्सची चोच खांद्याजवळ बर्फात दाबायची, छातीचा भार तिच्यावर टाकायचा. पायांत क्रॅम्पॉन असतील तर पावलं वर उचलून धरायची, कारण वेगात दात बर्फात रुतले तर माणूस उलटा फेकला जातो. हे सगळं पहिल्या दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं. वेग एकदा वाढला की थांबवणं जवळपास अशक्य असतं. व्हियारिकावर माणसं जखमी झाली आहेत, मेलीही आहेत, पण चढणाऱ्यांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा घसरल्यामुळे. अशा दिवशी ज्वालामुखी आपल्या जागी शांत असतो.

बर्फाची वेळ सांभाळावी लागते. रात्री थिजलेला बर्फ पहाटे कडक असतो, क्रॅम्पॉनचे दात त्यात स्वच्छ बसतात. दहा-अकरानंतर उन्हाने तो मऊ पडतो, दुपारी पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि वर मोकळे झालेले दगड सुटू लागतात. ऊनही वरून आणि खालून असं दोन्हीकडून लागतं. ताजा बर्फ ऐंशी-नव्वद टक्के प्रकाश परत फेकतो, त्यामुळे हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडांवर उन्हाचं मलम लावायला माणसं विसरतात आणि नेमकी तिथेच भाजतात. काळा चष्मा काढायचा नाही, फोटोसाठीही नाही.

पॅसिफिकवरून येणारा वारा ही या डोंगराची दुसरी कसोटी. माथ्यावर बशीच्या आकाराचा गुळगुळीत ढग बसलेला दिसला की वर जोरदार वारा आहे, हे पायथ्याशीच कळतं. हवामानाचा अंदाज, बर्फाचा टणकपणा, गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग आणि घड्याळ यांचा हिशोब गाइड सतत करत असतो. ठरलेल्या वेळेपर्यंत ठरलेली उंची गाठली नाही तर तो माघारी वळवतो, माथा डोळ्यांसमोर असला तरी. पैसे मोजून आलेल्या, जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्या माणसाला हे सांगणं सोपं नसतं. चांगला गाइड ओळखायचा तो इथेच. वर नेणारे पुष्कळ असतात.

शेवटच्या टप्प्यात गंधकाचा झोंबरा वास येतो आणि मास्क चढतात. सल्फर डायऑक्साइड घशातल्या ओलाव्यात विरघळून आम्ल बनतो आणि खोकल्याची उबळ येते. त्याच्याबरोबर हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोजन फ्लोराइडही असतात. मास्कमधल्या गाळण्या ही आम्लं शोषून घेतात, पण त्यातून प्राणवायूचा पुरवठा होत नाही आणि कार्बन डायऑक्साइडही अडत नाही. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून, धूर पलीकडे जाईल अशाच काठावर थांबतात. दमा असलेल्यांनी तिथे जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे उबळ आली तर मोकळ्या हवेत पोचायला उतार उतरावा लागतो, आणि तो घाईने उतरता येत नाही.

विवर साधारण दोनशे मीटर रुंद आहे. आतल्या भिंतींवर जुन्या उद्रेकांचे काळे-तांबडे थर, मध्येच गंधकाचे पिवळे डाग. लाव्हा दिसेलच असं नाही, पुष्कळदा ती खूप खाली असते आणि धुराने झाकलेली असते. मोठा बुडबुडा फुटला की लाल शिंतोडे क्षणभर वर उडतात आणि काळे होत भिंतीवर आदळतात. पण दिसलं नाही तरी ऐकू येतं. खोलातून काही काही वेळाने धाप टाकल्यासारखा आवाज वर येतो, कधी पाठोपाठ, कधी बराच वेळ शांतता ठेवून. काठाच्या अगदी कडेला जाऊ देत नाहीत, त्याला धुराखेरीज आणखी एक कारण आहे. वाऱ्याने साचलेला बर्फ काठाच्या पुढे छज्जा होऊन लोंबतो आणि वरून पाहताना तो भक्कम जमीन वाटतो. तेवढ्या वेळात नजर बाहेर टाकली तर उत्तरेला याइमा, आग्नेयेला लानिन, दक्षिणेला चोशुएंको असे बर्फाच्छादित डोंगर दिसतात, आणि खाली तळी. यांतले कित्येक डोंगर ज्वालामुखीच आहेत.

उतरणं ही या चढाईतली लाडकी गोष्ट. आधी क्रॅम्पॉन काढायचे, हे सक्तीचं. मग जाड कापडाची विजार चढवून, बुडाखाली प्लास्टिकची छोटी चकती घेऊन बर्फात बसायचं आणि घसरत सुटायचं. आधी गेलेल्यांनी उतारावर खोल पन्हळी पाडलेल्या असतात, त्यांतून माणूस वळणं घेत खाली जातो. आइस ॲक्सची अणी बाजूला दाबली की वेग कमी होतो. सकाळी ज्या उतारावर तास गेले तो मिनिटांत संपतो. बर्फ टणक असेल तर मात्र हे बंद, मग प्रत्येक पाऊल रोवत उतरावं लागतं.

हाच उतार, हेच बर्फ, आणि त्याच पन्हळींच्या खाली सुरू होणाऱ्या ओढ्यांच्या घळया. विसाव्या शतकात व्हियारिकाने शंभरहून अधिक माणसांचा बळी घेतला, आणि ते बळी मुख्यतः चिखलाच्या लोंढ्यांनी घेतले. अशा लोंढ्याला जगभर लाहार म्हणतात, शब्द जावा बेटावरचा. उद्रेकात तप्त लाव्हा आणि राख हिमनदीवर पडते, बर्फ झपाट्याने वितळतं, आणि ते पाणी उतारावरची राख, वाळू, दगड, उन्मळलेली झाडं घेऊन खाली सुटतं. पाण्यापेक्षा हे मिश्रण कितीतरी जड असतं, म्हणून ते घराएवढे धोंडे सहज वाहून नेतं. लाव्हाचा ओघळ बहुधा इतका सावकाश सरकतो की माणूस चालत त्याच्या वाटेतून बाजूला होऊ शकतो. लाहारपुढे धावूनही सुटका नाही. वाचायचं तर आडवं, वरच्या बाजूला चढून जायचं.

१९४८-४९ मध्ये हे घडलं, मार्च १९६४ मध्ये कोन्यारिपे गावाचा मोठा भाग लोंढ्याने नेला, आणि २९ डिसेंबर १९७१ च्या उद्रेकात पुन्हा नद्यांनी पूल आणि माणसं ओढून नेली. कोन्यारिपे डोंगराच्या दक्षिणेला, कालाफकेन तळ्याच्या काठी आहे. दिवसा तिथून डोंगर देखणा दिसतो, आणि नेमकी तीच बाजू गावाच्या अंगावर आली.

बर्फाचा ज्वालामुखी म्हणजे काय, हे जगाला १९८५ च्या नोव्हेंबरात कोलंबियातल्या नेव्हादो देल रुईसने दाखवलं. उद्रेक तसा लहान होता. त्याने माथ्यावरच्या हिमटोपीचा जेमतेम दहावा हिस्सा वितळवला. तेवढ्या पाण्याचा लोंढा सुमारे अडीच तासांनी, रात्री आर्मेरो शहरावर पोचला आणि तेवीस हजारांच्या आसपास माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार झाला होता आणि त्यात आर्मेरो लोंढ्याच्या वाटेत दाखवलेलं होतं. अडीच तास हा पायी उंचावर जायला पुरेसा वेळ आहे. या एका गोष्टीचा मला आजही संताप येतो.

पुकोनचा सिग्नल, गावातला भोंगा, रस्त्यांवरच्या सुरक्षित जागेकडे नेणाऱ्या पाट्या, हे सगळं या इतिहासातून आलं. चिलीच्या भूविज्ञान आणि खाणकाम सेवेची ज्वालामुखी वेधशाळा तेमुको शहरात आहे. चिलीत ज्वालामुखींची धोक्यानुसार क्रमवारी लावली जाते आणि तीत व्हियारिका पहिल्या क्रमांकावर असतो. भूकंपमापक, वायूमापक, कॅमेरे, उपग्रह यांची नोंद वेधशाळेत अखंड चालू असते.

३ मार्च २०१५ रोजी पहाटे तीनच्या सुमाराला या व्यवस्थेची परीक्षा झाली. विवरातून लाव्हाचं कारंजं दीड किलोमीटरच्या आसपास उंच उसळलं. सगळा प्रकार तासाच्या आत आटोपला. तीन हजारांहून अधिक लोकांना हलवलं गेलं, ओढ्यांना चिखलाचे लोंढे आले, पण कोणाचा जीव गेला नाही. हंगामाचा शेवट असल्याने बर्फ कमी होतं, हेही पथ्यावर पडलं.

त्या वर्षी जानेवारीत डोंगरावर काही वेगळी उपकरणं बसवलेली होती. अमेरिकेतल्या बॉयसी स्टेट विद्यापीठातले जेफ्री जॉन्सन आणि त्यांचे सहकारी विवराचा आवाज नोंदवत होते. कानाला ऐकू येतो तो नव्हे, त्याच्या कितीतरी खालचा, सेकंदाला एकाच्याही आत कंपनं असलेला. लाव्हाचं तळं हलतं तेव्हा विवरातली हवा घुमते, आणि ती कोणत्या सुरात घुमेल हे काठ आणि लाव्हा यांच्यातलं अंतर ठरवतं. नळाखाली हंडा भरताना आवाज चढत जातो आणि पाठ फिरवून उभ्या असलेल्या बाईलाही हंडा भरत आल्याचं कळतं, तसंच हे. उद्रेकाच्या आधीच्या काही दिवसांत विवराचा सूर चढत गेला होता, म्हणजे लाव्हा काठाकडे येत होती. २०१८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. उघड्या तोंडाच्या ज्वालामुखीवर हे शक्य होतं, कारण ऐकायला तोंड उघडं आहे. बुजलेल्या ज्वालामुखीकडून असा सूर येत नाही.

या फरकाचं महत्त्व जपानच्या ओन्ताकेने दाखवलं. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, स्वच्छ ऊन, दुपारची वेळ, माथ्यावर जेवायला बसलेली माणसं. धोक्याची पातळी सर्वांत खालची होती. खडकातलं पाणी आतल्या उष्णतेने एकदम वाफ होऊन फुटलं आणि मृत व बेपत्ता मिळून ६३ जण गेले. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी असलेल्या ४७ जणांपैकी २२ जण दगावले. हे स्फोट वाफेचे होते, आणि वाफेचा स्फोट फारशी पूर्वसूचना देत नाही. व्हियारिकाची नळी उघडी आहे म्हणून तिथे हा धोका कमी आहे, असं म्हणता येतं. नाही असं म्हणता येत नाही. मोठा बुडबुडा अचानक फुटून धोंडे काठाबाहेर पडल्याच्या घटना तिथे घडलेल्या आहेत, आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी याच डोंगराने तप्त राखेचे प्रचंड लोट सोडल्याच्या खुणा परिसरातल्या थरांत आहेत.

म्हणून काठापर्यंत जाता येईल की नाही, हे गाइड ठरवत नाही आणि कंपनीही ठरवत नाही. वेधशाळा इशाऱ्याची पातळी जाहीर करते, हिरवी, पिवळी, नारिंगी किंवा लाल, आणि त्यानुसार विवराभोवती बंदीचं वर्तुळ आखलं जातं. २०२२ च्या अखेरीस हालचाल वाढली तेव्हा इशारा पिवळा झाला, २०२३ च्या सप्टेंबरात नारिंगी. त्या काळात माथा बंद राहिला आणि पुकोनच्या गाइडांचा रोजगार बुडाला. तरी वर्तुळ मोडू नये हे सर्वांत ठामपणे सांगणारेही तेच असतात, कारण रात्री घरी झोपणारी मुलंबाळं त्यांची त्याच डोंगराखाली आहेत.

बर्फाच्या गणितातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. राखेचा पातळ थर बर्फावर पडला तर बर्फ काळवंडतं, ऊन जास्त शोषतं आणि लवकर वितळतं. थर जाड झाला तर उलट तोच पांघरुणाचं काम करतो आणि खालचं बर्फ टिकतं. त्यामुळे एकाच डोंगराच्या दोन बाजूंना हिमनदी वेगळ्या गतीने मागे सरकते. एकूण बर्फ मात्र घटतच चाललं आहे. बर्फ कमी म्हणजे लोंढ्याला पाणी कमी, हे खरं. पण घळया, पूल आणि घळयांच्या तोंडाशी वाढणारी वस्ती पाहिली की त्यात समाधान मानावंसं वाटत नाही.

चढायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ धरा, तिकडचा उन्हाळा. डिसेंबर-जानेवारीत घसरत उतरायला बर्फ चांगलं मिळतं, फेब्रुवारीनंतर खालच्या उतारावर राखेचा आणि सुट्या खडीचा घसारा उघडा पडतो आणि तो सह्याद्रीतल्या घसाऱ्याइतकाच पायाला छळतो. सांतियागोहून रात्रीची बस सकाळी पुकोनला पोचते. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी चढाई आणि तिसऱ्या दिवशी परतीचं तिकीट असा बेत करू नका. हवा बिघडली की दोन-दोन दिवस कोणी वर जात नाही, आणि ज्याच्या हातात मोकळे दिवस नाहीत तोच गाइडला गळ घालतो. तळावरूनच गाडी वळवली तर पैशांचं काय, अर्ध्या वाटेवरून परतलो तर काय, गटात किती जण आणि गाइड किती, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं.

आणि माथा बंद असेल त्या दिवशी कोन्यारिपेच्या रस्त्याने जा. वाटेत डोंगराच्या अंगाला लाव्हाच्या गुहा आहेत. ओघळाची वरची साय थिजली आणि आतला रस वाहून गेला, तेव्हा मागे राहिलेल्या त्या पोकळ नळ्या. त्याच रस्त्यावर पुलांखालून लाहारांच्या घळया जातात. बहुतेक दिवस त्या कोरड्या असतात. एखाद्या पुलावर थांबून खालच्या धोंड्यांचा आकार बघा आणि मग त्या घळईची रेघ नजरेने वर बर्फापर्यंत न्या.